ॲडम ल फॉन्ड्रच्या निमित्ताने: इंग्लंडमधल्या फिरत्या स्ट्रायकरची कारकीर्द नेमकी कशी चालते?

मैदानवेडा

मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) लीग शील्ड, म्हणजे साखळीत अव्वल येण्याचं बक्षीस, आणि चषक, दोन्ही मिळवले. त्या संघातून ११ गोल करणारा ॲडम ल फॉन्ड्र आपल्याकडे बहुतेकांना तेव्हाच माहीत झाला. "प्रीमियर लीग खेळलेला गोरा स्ट्रायकर" एवढ्यावर त्याची ओळख आटोपायची. मला हे खटकतं, कारण त्याच्या मागच्या पंधरा वर्षांत इंग्लिश फुटबॉलची सगळी यंत्रणा दिसते.

क्रम असा: स्टॉकपोर्ट, रॉचडेल, रॉदरहॅम, रेडिंग, कार्डिफ, तिथून बोल्टन, वुल्व्ज आणि विगन इथे लोनवर (म्हणजे उसना), पुन्हा बोल्टन, मग सिडनी आणि मुंबई. रॉदरहॅमकडून चौथ्या श्रेणीत लागोपाठ दोन हंगाम लीगमध्ये वीसहून जास्त गोल. २०११ च्या ऑगस्टमध्ये रेडिंगने उचलला, त्याच हंगामात रेडिंग चॅम्पियनशिप, म्हणजे दुसरी श्रेणी, जिंकून वर प्रीमियर लीगमध्ये गेलं. २०१२-१३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये १२ गोल, त्यातले बरेचसे बदली म्हणून उतरून. १९ जानेवारी २०१३ ला न्यूकॅसलच्या मैदानात रेडिंग एका गोलने मागे होतं. हा आत आला आणि ७१ व्या आणि ७७ व्या मिनिटाला गोल करून सामना फिरवला. त्या महिन्याचा प्रीमियर लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

आणि दोन वर्षांनी, जानेवारी २०१५ मध्ये, हाच माणूस दुसऱ्या श्रेणीत बोल्टनकडे लोनवर. तो अचानक वाईट खेळायला लागला होता, असं मला वाटत नाही. अशा खेळाडूची कारकीर्द त्याच्या पायांइतकीच तीन गोष्टींवर चालते: कराराची उरलेली मुदत, मॅनेजरची खुर्ची आणि संघाची रचना. जाणकारांनी यावर तपशिलात लिहावं, म्हणून धागा काढला.

हिशोबनीस

छान विषय. कराराचा भाग मी घेतो, कारण इथूनच सगळं सुरू होतं.

इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूचा करार ३० जूनला संपतो. हंगाम मात्र मेच्या सुरुवातीलाच आटोपतो. मधल्या काळात ईएफएलचे (इंग्लिश फुटबॉल लीग) क्लब, म्हणजे चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीचे ७२ संघ, कोणाला ठेवणार आणि कोणाला सोडणार याची यादी देतात. मेचा तिसरा शनिवार ही त्यासाठीची मर्यादा. एक वर्ष वाढवण्याचा पर्याय करारात असेल तर तो वापरायचा की नाही, हेही तोवर ठरवावं लागतं. लीग टूमध्ये एक-दोन वर्षांचे करार सर्रास असतात, त्यामुळे दर मे महिन्यात अर्धा संघ या यादीकडे डोळे लावून बसलेला असतो.

वयाची २४ ही महत्त्वाची रेघ आहे. त्याआधी करार संपला आणि क्लबने निदान पूर्वीइतक्याच अटींवर नवा करार देऊ केला, तर खेळाडू दुसरीकडे गेल्यावर जुन्या क्लबला भरपाई मागता येते. २४ नंतर करार संपला की तो मोकळा. परदेशी क्लब तर शेवटच्या सहा महिन्यांत, १ जानेवारीपासूनच, त्याच्याशी पुढचा करार करू शकतात. हा मोकळेपणा १९९५ च्या बोसमन निकालाचा. त्याआधी १९६१ मध्ये २० पौंडांची कमाल आठवडी पगाराची मर्यादा गेली आणि १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्याने क्लबची पकड सैल झाली. या तीन टप्प्यांशिवाय फिरता खेळाडू ही जमात आजच्या स्वरूपात दिसलीच नसती.

क्लबने सोडल्यावर ईएफएलमध्ये एक महिन्याचा मूळ पगार मिळतो. तोही नवा क्लब मिळेपर्यंतच, म्हणजे दोन्हीपैकी जी मुदत आधी संपेल ती. थोडक्यात, जुलै भागतो. ऑगस्टमध्ये क्लब नसेल तर हात रिकामे. म्हणून जुलैच्या सरावसामन्यांच्या संघयादीत नावाऐवजी नुसतं "ट्रायलिस्ट", म्हणजे चाचणीवर आलेला, असं छापलेलं दिसतं. तो पोरगेलाच असेल असं नाही. शंभर गोल केलेला तिशीतला स्ट्रायकरही त्या नावाखाली ४५ मिनिटं खेळून जातो.

अनघा_९

हिशोबनीस, लोनचं गणित सांगाल का? पगार कोण देतं? आणि कार्डिफने ल फॉन्ड्रला विकून का टाकलं नाही, तीन-तीन ठिकाणी लोनवर का पाठवत राहिले?

हिशोबनीस

अनघा, लोनमध्ये मूळ करार जुन्याच क्लबकडे राहतो. पगाराची वाटणी दोन क्लब ठरवतात: पूर्ण, अर्धा किंवा एखादी आठवडी रक्कम. प्रीमियर लीगच्या दारातून आलेल्या खेळाडूचा पगार लीग वनच्या क्लबला पेलत नाही, म्हणून जुना क्लब उरलेला भार उचलतो. शून्यापेक्षा काहीतरी वसूल होतं आणि खेळाडूची किंमत टिकते, हा त्यामागचा विचार.

विकायचं तर तीन जणांचं जमावं लागतं. नव्या क्लबने तेवढाच पगार द्यायचा, किंवा खेळाडूने कमी पगार मान्य करायचा, किंवा जुन्या क्लबने फरक रोख मोजायचा. यातलं काहीच जमलं नाही की करार संपेपर्यंत लोन. आपला सही केलेला पगार खेळाडू सोडत नाही याचा प्रेक्षकांना राग येतो. पण ३० वर्षांच्या स्ट्रायकरला पुढचा करार नक्की याहून लहान आणि स्वस्त मिळणार असतो. त्याने का सोडावा?

लोनचे नियमही बदलले आहेत. पूर्वी खिडकी, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, बंद झाल्यावरही "आपत्कालीन लोन" मिळायचं, २८ दिवसांपासून ९३ दिवसांपर्यंत. एखादा स्ट्रायकर जखमी झाला की ईएफएलचा मॅनेजर मंगळवारी फोन करायचा आणि शनिवारी नवा माणूस मैदानात. २०१६ च्या उन्हाळ्यानंतर ही सोय गोलकीपर सोडून सगळ्यांसाठी गेली. आता सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मॅनेजरच्या मनातून उतरलात तर जानेवारीपर्यंत बाकावर, किंवा तिथेही नाही. शिवाय ईएफएलच्या सामन्याच्या यादीत लोनवरच्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते (बरीच वर्षं ती पाचाची होती). संघात आधीच तेवढे लोनवाले असतील तर पुढच्याने चांगला सराव करूनही उपयोग नाही, यादीत नाव येत नाही.

करार संपलेल्या मोकळ्या खेळाडूला मात्र खिडकीबाहेरही घेता येतं. ईएफएलमध्ये हे साधारण मार्चच्या चौथ्या गुरुवारपर्यंत चालतं. फेब्रुवारीत एखादा अनुभवी स्ट्रायकर अचानक तळातल्या संघात दिसतो, तो या वाटेने आलेला असतो.

दूरचा खांब

मैदानवेडा यांच्या तिसऱ्या मुद्द्याला, म्हणजे रचनेला, माझा पूर्ण पाठिंबा. ल फॉन्ड्र हा पेनल्टी बॉक्समधला माणूस. उंची साधारण पावणेसहा फूट, धिप्पाड नाही, वेगही असा नाही की अर्ध्या रेषेपासून सगळ्यांना मागे टाकेल. अशा स्ट्रायकरला ४-४-२ मध्ये (चार बचावपटू, चार मधल्या फळीत, दोन पुढे) सोन्याचं मोल येतं. शेजारी उंच जोडीदार हवेतला चेंडू जिंकतो आणि हा सुटलेला चेंडू वेचतो. ४-२-३-१ आलं की वर एकटाच माणूस उरतो. त्याने पाठीवर सेंटरबॅक (मधला बचावपटू) घेऊन लांब चेंडू थोपवायचा, बाजूला द्यायचा, पुन्हा धावायचं. ते काम ९० किलोच्या माणसाचं. मग लहान चणीच्या गोलबाजाला मॅनेजर ६५ व्या मिनिटाला, समोरचा बचाव दमल्यावर आणतो. रेडिंगमध्ये हेच चाललं होतं आणि तिथे ते जमून गेलं.

त्याच्या गोलांचे व्हिडिओ बघाल तर चेंडूकडे बघू नका, क्रॉस (बाजूने गोलसमोर टाकलेला चेंडू) येण्याआधीचे दोन सेकंद बघा. हा सेंटरबॅकच्या मागच्या खांद्याआड उभा असतो. बचावपटूला एकाच वेळी चेंडू आणि हा, दोन्ही दिसत नाहीत. विंगरने (कडेने खेळणाऱ्याने) मान वर केली की हा दोन पावलं दूरच्या खांबाकडे टाकतो. सेंटरबॅकचं कंबरेपासूनचं अंग तिकडे वळतं. त्याच क्षणी बाहेरचा पाय रोवून हा त्याच्या पुढून जवळच्या खांबाकडे घुसतो. चेंडूशी गाठ गोलसमोरच्या साडेपाच मीटरच्या चौकटीच्या कडेला पडते आणि तिथे पाय मागे घेऊन जोर लावायचा नसतो, पायाची आतली बाजू फक्त वाटेत धरायची. क्रॉसचाच वेग पुरतो.

यात बिघडतं ते बहुतेक वेळा वेळेमुळे. चेंडू सुटण्याआधी धाव घेतली तर जवळच्या खांबाशी आधीच पोचून थांबावं लागतं, टाचांवर वजन येतं आणि चेंडू मागून निघून जातो. किंवा सरळ ऑफसाइड. उशीर झाला तर सेंटरबॅकचा पाय आधी लागतो. दुसरी चूक म्हणजे छाती पूर्ण गोलकडे वळवणं, मग पाऊल चेंडूखाली जातं आणि फटका आडव्या दांडीवरून. तिसरी अडचण खेळाडूच्या हातात नसते: नवीन क्लब, नवीन विंगर. त्याला कधी मान वर करायची सवय आहे, तो पहिल्या स्पर्शात क्रॉस टाकतो की चेंडू आत घेऊन, हे कळायला सहा-आठ सामने जातात. लोन असतं चार महिन्यांचं. त्यातले दोन महिने ओळखीत गेले की आकडे खराब दिसतात, आणि पुढचा मॅनेजर आधी आकडेच बघतो.

ठाम

एवढं सगळं मान्य, पण कार्डिफमध्ये तो कमी पडला हेही म्हणायला हवं. लीगमध्ये ३ गोल. वुल्व्जमध्ये पूर्ण हंगामात ३. रचना, मॅनेजर ही कारणं असतीलही, पण स्ट्रायकरने कुठेही गोल करायला हवेत.

मैदानवेडा

ठाम, तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. मे २०१४ मध्ये त्याला कार्डिफला आणलं तेव्हाचा मॅनेजर ओले गुन्नार सोल्शारने. हा स्वतः बदली म्हणून येऊन गोल करण्यात आयुष्य घालवलेला माणूस, त्याला ल फॉन्ड्रचा उपयोग बरोबर माहीत होता. सप्टेंबर २०१४ मध्ये सोल्शार गेला. ऑक्टोबरमध्ये त्याच्या जागी रसेल स्लेड आला आणि जानेवारीत ल फॉन्ड्र बोल्टनला. तिथे उरलेल्या अर्ध्या हंगामात त्याने ८ गोल केले. तोच माणूस, तेच पाय, तोच हंगाम, तीच श्रेणी. जानेवारी २०१७ मध्ये पुन्हा बोल्टनला गेला तेव्हा तो संघ लीग वनमधून वर आला. "कुठेही गोल करायला हवेत" हे मेस्सीला लागू असेल. बाकी सगळ्या स्ट्रायकरना आपल्या धावा ओळखणारा एक मॅनेजर आणि एक विंगर लागतो.

यॉर्कशायरकर

याच चर्चेत रिकी लॅम्बर्ट यायलाच हवा, कारण त्याची वाट उलट्या दिशेने गेली.

जन्म १९८२, लिव्हरपूलजवळचं कर्कबी. लिव्हरपूलने १५ व्या वर्षी सोडलं. ब्लॅकपूलनेही सोडल्यावर काही महिने बीटच्या कारखान्यात बरण्यांची झाकणं लावायचं काम केलं. मग मॅकल्सफील्ड, तिथून २००२ मध्ये ३ लाख पौंडांना स्टॉकपोर्ट, मग रॉचडेल, २००६ मध्ये २ लाखांना ब्रिस्टल रोव्हर्स. चार वर्षांत किंमत कमी झाली, हे लक्षात घ्या. स्टॉकपोर्टमध्ये त्याला बऱ्याचदा मागे, मिडफिल्डमध्ये खेळवलं होतं. गोल होईनात आणि किंमत घसरली.

२००८-०९ मध्ये रोव्हर्सकडून लीग वनमध्ये २९ गोल. ऑगस्ट २००९ मध्ये साउदॅम्प्टनने सुमारे १० लाख पौंड मोजले. साउदॅम्प्टन तेव्हा लीग वनमध्ये होतं आणि दिवाळखोरीमुळे वजा १० गुणांनी हंगाम सुरू करत होतं. पहिल्याच हंगामात सगळ्या स्पर्धा मिळून ३६ गोल. मॅनेजर ॲलन पार्ड्यूने त्याच्या तंदुरुस्तीवर बोट ठेवलं, वजन उतरवायला लावलं. २७ व्या वर्षी एखाद्याने हे पहिल्यांदा गांभीर्याने घेतलं, यावरून खालच्या श्रेणीत तेव्हा शरीराकडे किती कमी लक्ष दिलं जायचं ते कळतं. २०११ आणि २०१२ मध्ये लागोपाठ दोन बढत्या, प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामात १५ गोल. १४ ऑगस्ट २०१३ ला वेम्ब्लीवर स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडकडून पदार्पण, बदली म्हणून उतरला आणि पहिल्याच स्पर्शाला हेडरने विजयी गोल. तेव्हा वय ३१.

पेनल्टीचा आकडा वाचून थांबावंसं वाटतं: साउदॅम्प्टनकडून ३४ पैकी ३४. वरच्या स्तरावर चारातल्या तीनहून थोड्या जास्त आत जातात, इतकंच सर्वसाधारण प्रमाण आहे. फिरत्या स्ट्रायकरसाठी पेनल्टी म्हणजे वर्षाला पाच-सात गोलांची वेगळी मिळकत. म्हणून नव्या क्लबशी बोलताना "पेनल्टी कोण घेतं?" हा प्रश्न पगाराइतकाच कळीचा.

अनघा_९

पण लॅम्बर्टचं शेवटी तेच झालं ना? २०१४ मध्ये लिव्हरपूलने घेतला, लीगमध्ये २ गोल, मग वेस्ट ब्रॉम, कार्डिफ, आणि २०१७ मध्ये निवृत्ती.

यॉर्कशायरकर

हो. साउदॅम्प्टनमध्ये सगळा खेळ त्याच्यातून वाहत होता. तो खाली येऊन चेंडू पायात घ्यायचा आणि दोन्ही बाजूंनी पोरं पळायची. लिव्हरपूलमध्ये तो शेवटची वीस मिनिटं उतरायचा. तिशीनंतर सामने मिळाले नाहीत की धार लवकर जाते. सरावात सामन्याचा वेग येत नाही आणि मांडीच्या मागच्या स्नायूला अचानक पूर्ण वेगाची धाव सोसत नाही. ४६ सामन्यांच्या ईएफएल हंगामाने थकवा येतो हे खरं, पण तिशीतल्या स्ट्रायकरला बाक जास्त महाग पडतो.

फातोर्डा ईस्ट

आयएसएलच्या बाजूने भर घालतो. २०२०-२१ चा अख्खा हंगाम गोव्यात, बायो-बबलमध्ये (कोविडमुळे बाहेरच्यांपासून वेगळं ठेवून) झाला: फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, प्रेक्षकांविना. २५ नोव्हेंबर २०२० ला फातोर्ड्यात एफसी गोवाविरुद्ध भरपाई वेळेत ल फॉन्ड्रने पेनल्टीवर सामना काढला. १-० असा. गोवा तोवर दहा जणांवर आलं होतं.

मुंबईचा प्रशिक्षक लोबेराच्या संघात त्याला लांब चेंडू थोपवत बसावं लागत नव्हतं. अहमद जाहू मागून खेळ बांधायचा, ह्यूगो बूमूस रेषांमधून चेंडू सोडायचा, आणि ओगबेचे हा दुसरा स्ट्रायकर असल्यामुळे ३४ वर्षांच्या पायांवर ९० मिनिटांचा भार पडत नव्हता. सात परदेशी खेळाडू संघात ठेवता यायचे, मैदानात पाच. अशा वेळी परदेशी जागा स्ट्रायकरवर खर्च करायची तर तो पहिल्या आठवड्यापासून गोल देणारा हवा, आणि खालच्या श्रेणीत दर सहा महिन्यांनी नव्या ड्रेसिंग रूममध्ये शिरलेला माणूस ते करू शकतो. सिडनीहून तो इथे लोनवरच आला होता. सिडनीबरोबर २०१९ आणि २०२० अशी दोन विजेतेपदं त्याच्या खात्यावर होती.

दूरचा खांब

उलट, भारतातून इंग्लंडला जाणारी वाटही नोंदवायला हवी. बायचुंग भूतिया १९९९ मध्ये बरी या तिसऱ्या श्रेणीतल्या क्लबकडे गेला, ३ ऑक्टोबरला कार्डिफविरुद्ध बदली म्हणून उतरला. लीगमध्ये ३७ सामने, ३ गोल. गुडघ्याची दुखापत आणि क्लबची आर्थिक पडझड, दोन्ही आड आले. त्या बरीला २०१९ मध्ये ईएफएलमधून काढून टाकण्यात आलं. सुनील छेत्रीचं २००९ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सशी जमलं होतं, पण ब्रिटनमध्ये काम करायचा परवाना नाकारला गेला, कारण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये नव्हता. चौथ्या श्रेणीत घडत घडत वर यायची संधी लॅम्बर्टला मिळाली, ती असा परवाना लागणाऱ्या परक्या पासपोर्टवाल्याला सहसा मिळत नाही. त्याला तयार होऊनच यावं लागतं. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

ठाम

तारखांचा मुद्दा पटला. मग एवढं सांगा, उतरणीवर हे लोक किती काळ तग धरतात?

यॉर्कशायरकर

शरीर नीट राखलं तर बराच. जेमी क्युरेटन २००६-०७ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, कोलचेस्टरकडून २३ लीग गोल करून चॅम्पियनशिपचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. जोडीला उंच ख्रिस इवेलुमो, म्हणजे पुन्हा ४-४-२. त्यानंतर नॉर्विच, एक्सेटर, लेटन ओरिएंट, चेल्टनहॅम, डॅगनहॅम अशी त्याची यादी चालूच राहिली. स्टीव्ह क्लॅरिजने १९९६ मध्ये लेस्टरला प्लेऑफच्या (बढतीसाठीच्या बाद फेरीच्या) अंतिम सामन्यात जादा वेळेच्या अगदी शेवटी वर नेलं, १९९७ मध्ये लीग चषकाच्या फेरसामन्यात मिडल्सब्रोविरुद्ध एकमेव गोल केला आणि डिसेंबर २००६ मध्ये चाळिशीत बोर्नमथकडून आपला हजारावा सामना खेळला. मे २०१८ मध्ये बोल्टन शेवटच्या दिवशी दुसऱ्या श्रेणीत टिकलं ते नॉटिंगहॅम फॉरेस्टला ३-२ ने हरवून. निर्णायक हेडर ३८ वर्षांच्या ॲरन विल्ब्रॅहमचा. ल फॉन्ड्र त्याच संघात होता.

हिशोबनीस

ठाम, एखाद्या फिरत्या स्ट्रायकरचं मोल करायचं असेल तर एकूण गोल बघू नका. प्रत्येक क्लबसाठी हे शेजारी लिहा: मिनिटं, पेनल्टी वगळून गोल, त्याला घेणारा मॅनेजर त्यानंतर किती महिने टिकला, आणि करारात किती महिने उरले होते. मॅनेजर टिकला आणि मिनिटं मिळाली त्या ओळी वेगळ्या काढा. ल फॉन्ड्रची रॉदरहॅम, रेडिंग आणि बोल्टनची ओळ एका बाजूला पडेल, कार्डिफ आणि वुल्व्जची दुसऱ्या. लॅम्बर्टला २००९ मध्ये घेताना साउदॅम्प्टनने किती ओळी पाहिल्या असतील कोण जाणे, पण स्टॉकपोर्टची ओळ वगळली की राहिलेला तक्ता दहा लाखांना स्वस्तच दिसतो.